लाल चिकाची झाडे: सह्याद्रीतील जायफळ कुळ कसे ओळखावे

दोडामार्ग तालुक्यातील एका देवराईत ओहोळाच्या काठाने उभ्या असलेल्या काही झाडांविषयी आपण विचारले आहे. त्यांची मुळे खोडापासून सुटून चिखलात उतरलेली आहेत, सालीला खरचटले की लाल रस येतो आणि खाली पडलेले फळ उकलले की जायफळासारखी बी व तिच्याभोवती तांबडी जाळी दिसते, असे आपण लिहिले आहे. ओहोळाजवळच्या झाडाचे पान दीड वीत लांब आहे आणि जरा वर, उतारावरच्या तशाच लाल रसाच्या झाडाचे पान जेमतेम एक वीत, अरुंद व खालून पांढुरके आहे. गावात कोणी यांना रानजायफळ म्हणतात, कोणी रामपत्री. ही एकाच झाडाची नावे आहेत की झाडेच वेगवेगळी आहेत, आणि पानावरून ती ओळखता येतील का, हा आपला प्रश्न.

ही झाडे जायफळ कुळातील आहेत, याबद्दल मला शंका नाही. मात्र केवळ पानावरून यांची जात ठरवू नये. सह्याद्रीच्या सदाहरित जंगलात या कुळाच्या पाच जाती रानटी अवस्थेत आढळतात आणि त्या तीन प्रजातींत विभागलेल्या आहेत. येथे मी जाती हा शब्द एकेका प्रकारच्या झाडासाठी आणि प्रजाती हा शब्द जवळच्या जातींच्या गटासाठी वापरतो आहे. वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत हीच रूढी आहे, पण वर्तमानपत्रांत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो. पाचांपैकी तीन जातींची पाने खालून पांढुरकी असतात, आणि एकाच झाडाच्या सावलीतल्या व उन्हातल्या पानांच्या आकारात इतका फरक पडतो की पानांची मापे एकमेकांत मिसळून जातात. माझ्या उमेदवारीच्या काळात मी एका झाडाची नोंद पानांवरून रामपत्री अशी केली होती. पुढे दोन वर्षांनी त्याच झाडाची नरफुले हाती लागली तेव्हा ते जातीनेच काय, प्रजातीनेही वेगळे निघाले. तेव्हापासून फूल किंवा फळ पाहिल्याशिवाय मी वहीत जातीचे नाव लिहीत नाही, फक्त कुळाचे लिहितो.

कुळापासून सुरुवात करू. जायफळ कुळाचे शास्त्रीय नाव मिरिस्टिकेसी. रॉबर्ट ब्राउन यांनी १८१० मध्ये ते स्वतंत्र कुळ म्हणून मांडले. आज त्यात सुमारे वीस प्रजाती व पाचशेच्या आसपास जाती धरल्या जातात आणि त्या जवळजवळ सर्व उष्ण कटिबंधातील सखल पावसाळी जंगलांत वाढतात. अमेरिका, आफ्रिका व मादागास्कर, आणि आशिया व प्रशांत महासागरातील बेटे असे या कुळाचे तीन मोठे प्रदेश आहेत, आणि या तीन प्रदेशांत एकही प्रजाती सामाईक नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील विरोला आशियात सापडत नाही, पश्चिम आफ्रिकेतील पिक्नँथस अमेरिकेत नाही, आणि आपल्याकडील मिरिस्टिका व नीमा या दोन्ही प्रजाती आशियाच्या बाजूलाच राहिल्या आहेत. तरीही या तिन्ही खंडांतील झाडांची साल कापली तर लाल रस येतो, फळ उकलले तर एकच बी निघते आणि त्या बीभोवती रंगीत आवरण असते. कुळाची चौकट इतकी पक्की असल्यामुळे या झाडांचे कूळ ओळखणे सोपे जाते, आणि त्याच कारणाने आतल्या जाती वेगळ्या करणे कठीण होते.

या कुळाचे सोयरे कोण, याबद्दलचे मत मात्र बदलत गेले आहे. एकोणिसाव्या शतकातील बेंथम आणि हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांच्या पद्धतीत हे कुळ मिऱ्यांच्या कुळाच्या शेजारी ठेवलेले होते आणि आपल्या बऱ्याच जुन्या वनस्पतिसूचींत तोच क्रम पाळलेला दिसतो. आजच्या वर्गीकरणात, ज्याला डीएनएच्या अभ्यासाचा आधार आहे, जायफळ कुळ मॅग्नोलिएलीस या गणात, म्हणजे जवळच्या कुळांच्या गटात येते, सोनचाफा आणि सीताफळ यांच्या गणगोतात. याची एक खूण घरीही पाहता येते. जायफळ आडवे कापले की पांढरट भागात तपकिरी रेघांची नागमोडी नक्षी दिसते. बीजाच्या आतले पोषक द्रव्य, ज्याला पुष्क म्हणतात, त्यात बाहेरच्या आवरणाच्या घड्या शिरल्यामुळे ही नक्षी तयार होते. सीताफळाची बी धारदार पात्याने कापून भिंगाखाली धरली तर तिच्यातही अशाच आत शिरलेल्या घड्या दिसतात. विद्यार्थ्यांना हे दोन्ही काप शेजारी ठेवून दाखवले, की गण म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता उभ्या झाडाकडे पाहू. पहिली खूण फांद्यांची ठेवण. सरळ वाढणाऱ्या खोडावर ठरावीक अंतराने फांद्यांचे फेर येतात आणि प्रत्येक फेरातील फांद्या जमिनीला जवळजवळ समांतर पसरतात, त्यामुळे तरुण झाड मजल्यामजल्यांनी चढत गेल्यासारखे दिसते. ही ठेवण सातविणीत आणि काटेसावरीतही असते, म्हणून एकट्या या खुणेवर भिस्त ठेवता येत नाही. पण सातविणीचा चीक पांढरा असतो व पानेही चक्राकार येतात, आणि काटेसावरीचे पान पंजासारखे असते. जायफळ कुळातील पान नेहमी साधे, अखंड कडेचे, फांदीवर एकाआड एक आणि बहुधा दोन्ही बाजूंना दोन रांगांत लावल्यासारखे असते, आणि देठाच्या बुडाशी उपपर्णे, म्हणजे पानासारखी छोटी अंगे, नसतात. फांदीच्या टोकाची कळी उघडी असते, तिच्यावर खवल्यांचे झाकण नसते. त्याऐवजी तिच्यावर गंजाच्या रंगाची बारीक लव असते. लहान फांदी हातात आली तर मी प्रथम ही टोकाची कळी पाहतो.

दुसरी खूण रसाची. खोडाच्या अंतर्सालीतून येणारा रस पाण्यासारखा पातळ, लाल आणि तुरट असतो आणि वाळला की काळपट होतो. आपल्याकडच्या जंगलात इतरही झाडांतून तांबडा द्रव येतो. बिबळ्याचा लाल डिंक सर्वांना ठाऊक आहे, पण बिबळ्याचे पान संयुक्त असते. चांदाड्याच्या खोडातूनही तांबूस डिंक पाझरतो, पण त्याचे ढालीसारखे पान दुरूनही ओळखू येते. कोकम आणि त्याच्या भावकीतील रानटी झाडांची पाने वरवर पाहता जायफळाच्या पानांसारखीच जाड व गुळगुळीत वाटतात, परंतु ती फांदीवर समोरासमोर असतात आणि त्यांचा चीक पिवळा असतो. कोकणातील माणसाला हा फरक एकदा दाखवला की पुन्हा सांगावा लागत नाही.

येथे एक कळकळीची सूचना. रस पाहण्यासाठी अनोळखी झाडाच्या सालीवर कोयता मारू नये. सदाहरित जंगलात याच झाडांच्या बरोबरीने होलिगार्ना प्रजातीची झाडे असतात. ती बिब्ब्याच्या कुळातील असून त्यांचा चीक हवेत काळा पडतो आणि अंगावर उडाला तर कातडीवर फोड उठतात, काहींना ताप येण्याइतका त्रास होतो. होलिगार्नाच्या बहुतेक जातींत पानाच्या देठावर दोन बारीक काटेवजा उंचवटे असतात, पण ती लहान खूण प्रत्येक वेळी ध्यानात येईलच असे नाही. शिवाय देवराईतील झाडाला शस्त्र लावणे गावाला रुचणार नाही आणि त्यात गावाचेच बरोबर आहे. जुन्या जखमेवर वाळलेला काळपट तांबडा ओघळ बहुतेक मोठ्या झाडांवर सापडतो. तो नसेल तर वाऱ्याने नुकतीच मोडलेली फांदी पाहावी.

तिसरी खूण फूल आणि फळ, आणि खरी वर्गवारी येथूनच सुरू होते. या कुळातील आपल्याकडची झाडे नर आणि मादी अशी वेगळी असतात. फुले लहान, फिकट पिवळसर किंवा तांबूस, आणि त्यांना हिरवी निदले व रंगीत पाकळ्या असे दोन मजले नसतात. एकच जाडसर वेष्टन असते आणि ते टोकाशी बहुधा तीन भागांत उकलते. नरफुलातील पुंकेसर सुटे नसतात, ते एकमेकांना चिकटून त्यांचा मधोमध एक खांब किंवा तबकडी तयार होते. मादीफुलात एकच अंडाशय व त्यात एकच बीजांड असते, म्हणून फळातही बी एकच. पिकलेले फळ शिवणीवर उकलून त्याचे दोन जाड दल सुटतात आणि आतली चकचकीत गडद बी तिच्या रंगीत आवरणासह उघडी पडते. या आवरणाला बाजारात जायपत्री म्हणतात. पुढे मी सर्वच जातींच्या आवरणाला नुसते पत्री असे म्हणेन.

हूकर यांनी ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतींची नोंद केली तेव्हा या सर्व झाडांना त्यांनी मिरिस्टिका या एकाच प्रजातीत ठेवले होते. ओटो वारबर्ग या जर्मन अभ्यासकाने १८९७ मध्ये साऱ्या कुळाचा मोठा आढावा घेऊन तिचे तुकडे पाडले, आणि आपण आज वापरतो त्या प्रजाती प्रामुख्याने त्या मांडणीतून रूढ झाल्या आहेत. त्यामुळे जुन्या पुस्तकात मिरिस्टिका अटेन्युएटा आणि नव्या पुस्तकात नीमा अटेन्युएटा असे नाव दिसले तर गोंधळू नये, झाड तेच आहे. वारबर्ग यांनी विभाजनासाठी वापरलेली लक्षणे आजही उपयोगी पडतात, कारण ती मुख्यतः नरफुलाची, फुलोऱ्याची आणि पत्रीची आहेत, आणि ही लक्षणे पानांसारखी सावली-उन्हाने बदलत नाहीत.

नीमा या प्रजातीत फुले एका आखूड, चामखिळीसारख्या लाकडी गाठीवर येतात. दरवर्षी त्याच गाठीवर नवी फुले येत असल्याने गाठ वाढत जाते आणि तिच्यावर जुन्या देठांचे व्रण राहतात, म्हणून फुलांचा हंगाम नसतानाही ही गाठ शोधता येते. नरफूल उघडून पाहिले तर मध्यभागी एका दांड्यावर बसवलेली तबकडी असते आणि तिच्या कडेने परागकोश चांदणीच्या टोकांप्रमाणे बाहेर आलेले असतात. हे दृश्य भिंगातून एकदा पाहिले की विसरत नाही. नीमाची पत्री बीला पिशवीसारखी जवळजवळ पूर्ण झाकते, फक्त टोकाशी तिला थोड्या चिरा असतात.

मिरिस्टिका प्रजातीत परागकोश मधल्या खांबाला उभे चिकटलेले असतात, चांदणी नसते. प्रत्येक फुलाच्या बुडाशी एक छोटे पान, ज्याला छदक म्हणतात, वेष्टनाला बिलगून असते, आणि वेष्टन बुधल्यासारखे असून फार खोल चिरलेले नसते. पत्री मात्र जवळजवळ बुडापर्यंत फाटलेली असते, म्हणूनच ती जाळीसारखी दिसते. जिम्नाक्रँथेरा या तिसऱ्या प्रजातीत फुलोरा अधिक फांद्यांचा असतो, फुले फारच लहान असतात, छदक नसते, आणि वेष्टन खोलवर चिरलेले असते. तिचीही पत्री खोल फाटलेली असल्याने नुसत्या पत्रीवरून ती मिरिस्टिका वाटू शकते, पण फळाचा आकार पाहिला की शंका फिटते.

श्रीलंका, अंदमान आणि ईशान्य भारतात होर्सफील्डिया ही चौथी प्रजातीही आहे. सह्याद्रीत तिचा विचार करण्याचे कारण नाही.

आता एकेक जात घेऊ. नीमा अटेन्युएटा ही पाचांमध्ये सर्वांत सहज भेटणारी. तिला पाणथळ जागाच हवी असे नाही, सदाहरित जंगलातील उतारांवरही ती वाढते. पान लांबट, टोकाकडे निमुळते, खालून निळसर पांढुरके, आणि शिरा अनेक व जवळजवळ समांतर. फळ लहान, साधारण तीन ते चार सेंटिमीटरचे, आणि त्यावर गंजाच्या रंगाची मऊ लव. रस भरपूर व रक्तासारखा लाल. कन्नडमध्ये तिला रक्तमर म्हणतात ते यासाठीच. ही जात पश्चिम घाटाबाहेर जगात कोठेही निसर्गतः आढळत नाही.

जिम्नाक्रँथेरा कॅनारिका हे खऱ्या पाणथळीचे झाड. काही सूचींत ते जिम्नाक्रँथेरा फार्कुहारियाना या नावाने दिलेले असते. त्याचेही पान खालून पांढुरके, पण त्याचे फळ सुपारीपेक्षा फार मोठे नसते, गोलसर असते आणि गुळगुळीत असते, त्यावर लव नसते. आपल्या पाच रानटी जातींत गुळगुळीत फळाची ही एकच, त्यामुळे ओळख पटकन पटते. त्याच्या बियांत चरबी पुष्कळ असते आणि पूर्वी कर्नाटकात तिच्या मेणबत्त्या करीत.

मिरिस्टिका मलबारिका म्हणजे रामपत्री. पान मध्यम, खालून पांढुरके, फळ लांबट, पाच ते सात सेंटिमीटर, तपकिरी लवेचे. तिची पत्री तांबूस पिवळी असते आणि तिचे पट्टे अरुंद व असंख्य असून टोकाशी एकमेकांत गुंडाळून त्यांचा शंकूसारखा झुबका होतो. खऱ्या जायपत्रीचे पट्टे रुंद, चपटे आणि कमी असतात. व्यापारात हिला मुंबईची पत्री असे नाव पडले कारण ती मुंबईच्या बाजारातून बाहेर जाई. रामपत्री आपल्या मसाल्यांत आवर्जून घातली जाते आणि तिथे तिचा स्वतःचा मान आहे, परंतु तिला जायपत्रीचा सुगंध जवळजवळ नाही, म्हणून जायपत्री म्हणून ती विकणे ही भेसळ ठरते. दळलेल्या पुडीत डोळ्यांनी फरक कळत नाही. प्रयोगशाळेत अल्कोहोलमध्ये काढलेल्या अर्कावर क्षाराचे द्रावण घातले तर रामपत्री असल्यास रंग गडद नारिंगी-लाल होतो. हा रंग ज्या द्रव्यांमुळे येतो त्यांना या झाडाच्याच नावावरून मलबारिकोन अशी नावे दिली आहेत.

मिरिस्टिका बेड्डोमी हिच्या नावाने सर्वांत जास्त घोळ घातला आहे. आपल्याकडील बहुतेक सूचींत तिची नोंद मिरिस्टिका डॅक्टिलॉइडिस अशी आहे. ते नाव मुळात श्रीलंकेतील झाडाचे. नंतरच्या अभ्यासात, विशेषतः द वाइल्ड या डच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या १९९०च्या दशकातील कामात, पश्चिम घाटातील झाड वेगळे धरून त्यास बेड्डोमी हे नाव वापरले गेले. तिचे पान रामपत्रीपेक्षा रुंद व मोठे, आणि फळ लांबट नसून अंडाकृती ते गोलसर, लवेचे असते. ही जात चिखलापेक्षा डोंगरउतारावरील सदाहरित जंगलात अधिक दिसते.

राहिली मिरिस्टिका मॅग्निफिका. एकोणिसाव्या शतकातील वनाधिकारी बेडोम यांनी हे नाव दिले ते सार्थच आहे, कारण तिच्यासारखे भव्य पान या गटात दुसऱ्या कोणाचे नाही. पूर्ण वाढलेले पान अर्ध्या मीटरपर्यंत लांब होऊ शकते. कोवळे भाग, कळ्या, फळे सर्वांवर दाट गंजलेल्या रंगाची लव असते, फळ मोठे व जड असते, आणि खोडाला बुडापासून बऱ्याच उंचीवर टेकूसारखी मुळे फुटून ती तिरपी चिखलात उतरतात. जुन्या पुस्तकांत ती मिरिस्टिका फॅट्युआ या जातीचा उपप्रकार म्हणून दिलेली आहे. ती संकटग्रस्त आहे आणि तिचे अस्तित्व पाणथळीशी इतके बांधलेले आहे की ओहोळ वळवला तर ती तेथून जाते.

मुळांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपण त्यांच्यावर बराच भर दिला आहे. या पाणथळीतल्या चिखलात पाणी जवळजवळ बारा महिने साचलेले असते आणि मातीत प्राणवायू फार थोडा असतो. मुळांना श्वास घ्यायचा तर काही भाग हवेत आणावा लागतो. जिम्नाक्रँथेरा कॅनारिकाची मुळे जमिनीखालून येऊन चिखलाबाहेर कमानीसारखी वळतात व पुन्हा आत शिरतात. वाकवलेल्या गुडघ्यासारखी दिसतात म्हणून त्यांना गुडघामुळे म्हणतात. मॅग्निफिकाची मुळे खोडापासून निघणारी टेकूमुळे असतात आणि ती हवेबरोबरच मऊ जमिनीत झाडाला आधारही देतात. हा फरक उपयोगी आहे, पण रामपत्रीलाही ओल्या जागी टेकूमुळे फुटतात आणि कोरड्या उतारावर तिच्या बुंध्याला काहीच नसते. म्हणून मुळे पाहून मी प्रथम जागेविषयी अनुमान करतो, जातीविषयी नंतर.

या जंगलाला जायफळाची पाणथळ किंवा मिरिस्टिका स्वॅम्प म्हणतात. कृष्णमूर्ती यांनी १९६० मध्ये त्रावणकोरच्या सदाहरित जंगलातील अशा पाणथळींचे वर्णन प्रसिद्ध केले आणि चॅम्पियन व सेठ यांच्या १९६८च्या वनवर्गीकरणात त्यांना स्वतंत्र प्रकार म्हणून जागा मिळाली. केरळात कोल्लम व तिरुवनंतपुरम जिल्ह्यांच्या भागात असे सुमारे साठ तुकडे नोंदले गेले, पण सर्व मिळून क्षेत्र जेमतेम दीडशे हेक्टर. कर्नाटकात उत्तर कन्नडमधील कत्तलेकान हे त्यांतील सुप्रसिद्ध ठिकाण. नावाचा अर्थच अंधारे रान. तेथील पाणथळीतून २००० साली सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस हे बिब्ब्याच्या प्रजातीतील झाड शास्त्राला नवे म्हणून वर्णन केले गेले. गोव्यात सत्तरी तालुक्यातील बांबर येथील निरंकाराची राई ही अशीच पाणथळ, आणि ती टिकली ती गावाच्या श्रद्धेमुळे. आपल्या तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथील मॅग्निफिकाची पाणथळ २०१८ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात नोंदली गेली आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने तेथील २.५९ हेक्टर क्षेत्राला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. या साखळीचे ज्ञात उत्तरेकडील टोक आपल्या तालुक्यात येते, म्हणून आपली देवराई यापेक्षा वेगळी असेल तर तिची नोंद होणे फार महत्त्वाचे आहे.

लागवडीचे जायफळ, मिरिस्टिका फ्रॅग्रन्स, याच्याशी होणारी गल्लतही दूर करायला हवी. ते मूळचे इंडोनेशियातील बांदा बेटांचे आणि आपल्याकडे बागेत लावलेलेच असते. त्याचे पान लहान, चुरगळले की सुवासिक, आणि फळ फिकट पिवळे व गुळगुळीत. फळावर तपकिरी लव असेल तर ते बागेतले जायफळ नक्कीच नाही. रानटी जातींच्या बियांना स्वयंपाकात घालण्यासारखा वास नसतो. मात्र बागायतदार कलमांसाठी रानटी जातींची रोपे खुंट म्हणून वापरतात, त्यामुळे बागेतल्या झाडाच्या बुंध्यातून फुटलेली फांदी रानटी असू शकते आणि तिचे पान वरच्या पानांशी जुळत नाही. अशी फांदी पाहून बुचकळ्यात पडलेले बागायतदार मला अनेकदा भेटले आहेत.

बियांचा प्रसार कोण करतो याचाही ओळखीशी संबंध आहे. लाल पत्री पक्ष्यांसाठी असते. धनेश आणि फळे खाणारी मोठी रानकबुतरे बी गिळतात, पत्री पचवतात आणि बी न मोडता बाहेर टाकतात. म्हणून धनेशाच्या ढोलीखाली किंवा बसण्याच्या फांदीखाली पत्री उतरलेल्या स्वच्छ बिया साचलेल्या दिसतात. त्यांवरून आसपास या कुळाचे झाड आहे एवढे कळते, जात मात्र कळत नाही, कारण पत्रीच गेलेली असते. या बिया वाळल्या की मरतात. घरी नेऊन डब्यात ठेवलेले बी पुढच्या वर्षी उगवणार नाही. रोपे करायची असतील तर ताजे बी काही दिवसांतच ओल्या मातीत घालावे, आणि रामपत्री गोळा करणाऱ्यांना फांद्या तोडून कच्ची फळे उतरवण्यापासून परावृत्त करावे, कारण मलबारिका धोक्यात येण्यामागे तेही एक मोठे कारण आहे.

आता आपल्या दोन झाडांकडे येतो. ओहोळाजवळचे झाड, ज्याचे पान दीड वीत लांब आहे, मुळे खोडापासून सुटून चिखलात गेली आहेत आणि बीभोवतीची पत्री जाळीसारखी आहे, ते मिरिस्टिका मॅग्निफिका असावे असे मला वाटते. त्याच्या टोकाच्या कळीवर व फळावर दाट तपकिरी लव आहे का, एवढे पाहून कळवावे. उतारावरचे अरुंद, पांढुरक्या पानाचे झाड नीमा अटेन्युएटा असू शकते आणि रामपत्रीही असू शकते, आणि पानावर मी याहून पुढे जाणार नाही. त्याच्या फांद्यांवर, पानांच्या बगलेत किंवा पाने गळून गेलेल्या जागी, व्रणांनी भरलेली आखूड लाकडी गाठ सापडते का ते दुर्बिणीने पाहावे. हिवाळ्याच्या उत्तरार्धात त्याच झाडाखाली जाऊन गळलेली नरफुले ओल्या कागदात गोळा करावीत आणि भिंगाखाली चांदणी दिसते की खांब, ते पाहावे. झाड मादी असेल तर नरफुले मिळणार नाहीत. मग उन्हाळ्याच्या शेवटी, पाऊस लागण्याच्या सुमारास पडलेले फळ उचलावे आणि पत्री ताजी असतानाच तिचे छायाचित्र घ्यावे, कारण दोन दिवसांत तिचा रंग उडतो व आकार आक्रसतो. छायाचित्रात मोजपट्टी ठेवावी आणि पत्री कुठपर्यंत फाटली आहे हे दिसेल असे फळ धरावे. टोकाशीच चिरा असतील तर ते नीमा, आणि बुडापर्यंत फाटून टोकाला गुंडाळलेला झुबका असेल तर गावातील ज्या मंडळींनी त्याला रामपत्री म्हटले त्यांचे नाव बरोबर आहे.